म्हशीचा मागचा पाय

कृष्णात चौगुलेला वारणानगरच्या कामगार वसाहतीत सगळे फिटर म्हणून ओळखत. साखर कारखान्यात सव्वीस वर्षं पाना चालवलेला माणूस. कुठला सांधा का अडकतो हे त्याला नुसत्या आवाजावरून कळे. पण गळीत हंगाम संपला की हा माणूस घरी संगणकापुढं बसून म्हैस चालवायचा.

नाद लागला तो पुतणीच्या लग्नाच्या व्हिडिओपायी. त्यात नाचणारा कार्टूनचा हत्ती पाहिला आणि हा आतून हलतो कसा, एवढं एकच डोक्यात बसलं. मोबाईलवर बघून बघून तो शिकला. आधी जनावराचं नुसतं कातडं करायचं, मग आत एकेक हाड घालून सांधे जोडायचे. याला रिगिंग म्हणतात हे त्याला फार नंतर समजलं. म्हैस उभी करायला त्याला दीड वर्ष लागलं.

जिल्ह्यातल्या अशा अकरा नादिष्टांचा एक ग्रुप होता. केलेल्या फायली एकमेकांना द्यायच्या, चुका काढायच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे गडमुडशिंगीला ऋतुराजच्या घरी जमत. ग्रुप त्यानंच काढलेला. सगळे जमत, एक संयोगिता सोडून. तिचा फोटो नाही, आडनाव नाही, गाव कुठलं ते माहीत नाही. फोन केला तर उचलायची नाही.

कृष्णातनं म्हैस ग्रुपवर टाकली तेव्हा सगळ्यांनी पसंतीचे अंगठे टाकले. दोन दिवसांनी संयोगितानं तीच फाईल दुरुस्त करून परत पाठवली. खाली लिहिलं होतं, "कास भरलेली म्हैस मागचा पाय सरळ टाकत न्हाई. बाहेरनं वळसा घेऊन टाकती. सांधे बदललेत."

कृष्णातनं फाईल उघडली. म्हैस खरंच म्हशीसारखी चालत होती. आनंद व्हायचा तर त्याच्या कपाळाला आठी पडली. न विचारता दोन दिवस घालवून कोण कशाला दुसऱ्याचं काम करील? यात हिचं काय आहे?

"बाई हाय का बाप्या, ते तरी ठावं हाय का?" त्यानं ऋतुराजला विचारलं.

"काम चांगलं हाय की. तुम्हाला काय करायचंय?"

कृष्णातची शंका गेली नाही, पण तो दुरुस्त केलेली फाईलच पुढं वापरू लागला.

दीडेक महिन्यानं कोडोलीच्या बाजारात चहा पिताना शेजारच्या माणसाच्या मोबाईलवर कुठल्याशा पशुखाद्याची जाहिरात लागली. गॉगल घातलेली म्हैस ठुमकत येत होती. रंग वेगळा, शिंगं वेगळी. पण मागचा पाय बाहेरून वळसा घेऊन पडला आणि कृष्णातच्या हातातला चहा तसाच राहिला.

घरी येऊन त्यानं ग्रुपवर लिहिलं, "माझी म्हैस संयोगितानं परस्पर विकली. तो पाय तिच्याच फायलीतला हाय."

एकच गलका झाला. ती मोठ्या कंपनीची माणूस असणार, कुणी म्हणालं. आपलीही कामं गेली असतील, दुसरा म्हणाला. ऋतुराज तिला काढून टाकणार, तेवढ्यात तिची एक ओळ आली. "फाईल कुठं कुठं ठेवलीया ते आधी बघा." कृष्णातला ती धमकीच वाटली. ऋतुराजनं तिला ग्रुपमधनं काढलं.

आता तिला शोधायचंच. तिनं पूर्वी नमुन्यासाठी काही फोटो टाकले होते. त्यांतल्या एकात खोड्यात उभी केलेली म्हैस होती आणि मागच्या भिंतीवर 'पशुवैद्यकीय दवाखाना, मलकापूर' एवढी अक्षरं दिसत होती. बायको म्हणाली, "भांडान करू नगासा." तो मोटारसायकलवर बांबवड्यावरनं मलकापूरला गेला.

दवाखान्यात पंचेचाळिशीची एक बाई वासराच्या खुरावर औषध लावत होती. छातीवर नावाची पट्टी होती, संयोगिता कांबळे, पशुधन पर्यवेक्षक.

"मी कृष्णात चौगुले. म्हैस माझी."

तिनं मान वर केली नाही. "या पावणं. मला वाटलंच हुतं कुणीतरी येणार. बसा, हात धुवून येतो."

ती आली ती मोबाईल पुढं करूनच. सगळ्या जगातले हौशी आपली कामं ठेवतात ती वेबसाईट होती. तिथं तीच म्हैस होती आणि खाली नाव होतं कृष्णात चौगुले.

"ही तुमीच ठेवली न्हवं? आणि हितं ही खूण केलीसा. म्हंजे कुणीबी घ्या, धंद्याला वापरा, विचारायची गरज न्हाई. जाहिरातवाल्यांनी उचलली. चोरी कुठली त्यात?"

कृष्णातला आठवलं. लोकांनी बघावी म्हणून एका दुपारी त्यानं ती दुरुस्त केलेली म्हैसच चढवली होती. इंग्रजीत काय काय विचारलं होतं, सगळ्याला तो हो म्हणत गेला होता.

"दुरुस्त केलेला पाय माझा. माझं नाव कुठं हाय त्यात?" तिनं विचारलं. "जाहिरात बघून मला वाटलं, तुमीच इकली."

तो उगाच म्हणाला, "पण तुमी आडनाव का लावत न्हाई? माणसाला शंका येणारच की."

"आधीच्या ग्रुपात लावलं हुतं. तिथं आधी आडनाव बघितलं, मग काम. म्हणून हितं लावलं न्हाई. तुमी तर तेवढंबी न बघता चोर ठरवलासा."

तो परत आला तो थेट संगणकापुढं बसला. वेबसाईटवर तिचं नाव घातलं, ग्रुपवर झालं ते सगळं लिहिलं, माफी मागितली. ऋतुराजनं तिला परत बोलावलं. ती आली नाही. काहींना कृष्णातचंच खरं वाटेना. तिनं त्याला दमात घेतला असेल, नाहीतर वाटा दिला असेल, असं मागं बोलणं चाले. फायली द्यायला माणसं आखडू लागली. रविवारी जमणारे चौघं उरले, मग तेही नाहीत.

कृष्णात मात्र दोन महिन्यांनी पुन्हा मलकापूरला गेला. वासराचं खूर कसं तपासावं याची दोन मिनिटांची फिल्म करायची तिच्या मनात होती आणि सांधे बसवायला माणूस हवा होता. आता दोघं ती करतायत. कारखाना बंद असतो तेव्हा त्याचा संगणक दिवसभर फिल्मचं एकेक चित्र शिजवून पक्कं करत बसतो. फाईल उघडण्याआधी तो तिला विचारतो. ती फाईल देते, आणि दिलेल्या प्रत्येक फायलीची तारीख घालून एक प्रत आपल्याकडं ठेवते. त्याला ते दिसतं.