केरबाच्या ड्रॅगनचं पाचवं नख

दुपारचं जेवण झालंय. कारखान्यात भुश्शावर पोतं टाकून मी आडवा होतो. डोळा लागतो न लागतो तोच केरबा मेस्त्री खांबाशी उभा दिसतो. आषाढात गेलेला केरबा. कानावर अर्धी विडी.

"काय बघतुयास, बंडा?" तो विचारतो.

"तुझी चूक."

मेलेल्या माणसाशी असं बोलू नये. पण दोन दिवस ती चूक मला गुदगुल्या करतेय. यंदा मंडळाचा देखावा चीनच्या राजवाड्याचा. आठही खांबांवरचे लाकडी ड्रॅगन केरबानं कोरले आणि गेला. उरलेलं सिंहासन माझ्याकडं आलं. परवा अध्यक्ष आप्पा निगवेकर माझ्यादेखत म्हणाले, "केरबाच्या नखाची सर नाही कुणाला." मी हसलो, आतून जळून कोळसा झालो. तीस वर्षं हेच ऐकतोय. म्हणून मी त्याची नखंच मोजली. राजाच्या ड्रॅगनला पंजाला पाच नखं लागतात, केरबानं चारच केलीत. आज पाचला आप्पा आले की सगळ्यांसमोर दाखवणार आहे.

"चल," केरबा म्हणतो आणि दार ढकलतो. बाहेर आमची गल्ली नाही. पिवळ्या कौलांची छपरं आहेत. पायऱ्यांच्या मधोमध दगडात ड्रॅगन, खांबांना ड्रॅगनचे विळखे, एक तर छतातून तोंडात मोती धरून खाली डोकावतोय. मी नखं मोजत सुटतो. पाच. पाच. इथंही पाच.

"बघ," मी म्हणतो. "चार नखांचा राजाचा नसतोच. कुणातरी सरदाराचा असतो."

"ठावं हाय मला."

"मग विसरलास?"

"सोडलंय."

सिंहासनाच्या दालनात एसटी कँटीनची टेबलं आहेत. केरबा बशीत चहा ओततो.

"डॉक्टर बोलला तवाच कळलं, सिंहासन तुझ्याकडं येणार. म्हटलं, माझं काम सरदाराचं ऱ्हाऊ दे. राजाचं बंडा करंल."

"भीक नको मला तुझी."

"भीक न्हवं, लेका. तुझ्या हातची तोंडं जित्ती हुत्यात. माझी नुसती देखणी. लई जळायचो मी तुझ्यावर."

"कधी बोलला नाहीस."

"तू बोललास?"

जाग येते तेव्हा लाइट गेलेली असते, अंग घामानं भिजलंय. केरबाच्या कामाला मी अजून हात लावलेला नव्हता. लावायचाच नाही असं ठरवलं होतं. आता उठतो आणि पहिल्या खांबावरच्या पंजामागं बोटं घालतो. खांबाला चिकटून, समोरून दिसणार नाही असा, पाचव्या नखाच्या जागी अंगठ्याएवढा लाकडाचा ठोकळा न कोरता ठेवलाय. वाकून बघतो. त्यावर पेन्सिलीनं लिहिलंय, 'बंडा'. पुढच्या पंजालाही तेच. आठ खांब, बत्तीस पंजे, बत्तीस वेळा माझं नाव. बोटाला शिसं लागलंय.

मला गहिवरून वगैरे येत नाही. अंगाची आग होते. त्याच्या जागी मी असतो तर हे मला सुचलं नसतं. मेल्यावरही हा माणूस माझ्या पुढंच.

बाहेर आप्पांची मोटारसायकल थांबते. मी पटाशी उचलतो, पहिल्या ठोकळ्याला लावतो.

"झालं का काम?" ते दारातूनच विचारतात.

"व्हायचंय अजून," मी म्हणतो. "माझं आणि केरबाचं."