स्वच्छ आवाज

मे महिन्यात शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. गोंदियातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत मी पंखा बंद करून, खिडकीला रजई टांगून, मोबाईलला जोडलेल्या छोट्या माइकसमोर एक पुस्तक वाचत बसले होते. पंखा लावला की त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते, म्हणून तो बंद. रजई मात्र फक्त बाहेरचा आवाज अडवायला नव्हती. खाली घरमालकीण काकू राहायच्या, त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर माझ्या खिडकीखाली होती आणि मी जे वाचत होते ते त्यांच्या कानावर जाऊ नये, या धास्तीने मला उन्हापेक्षा जास्त घाम फुटत होता.

पुस्तक एका गोंड बाईचं आत्मकथन होतं. मीही गोंड आहे. काकूंना सात वर्षं ते माहीत नव्हतं.

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला मी सूत्रसंचालन करते. त्याचा व्हिडिओ कोणीतरी मोबाईलवर टाकला आणि तो ऐकून नागपूरच्या ऑडिओबुक काढणाऱ्या एका संपादकाने मला फोन केला होता. "मॅडम, तुमचा आवाज फार स्वच्छ आहे," ते म्हणाले, "ऐकून कळतच नाही तुम्ही कुठल्या आहात ते." मी आनंदाने आभार मानले. हे वाक्य मिळवायला मी फार कष्ट घेतले होते.

दरेकसा स्टेशनपासून चार-पाच किलोमीटर आत, डोंगराला लागून आमचं गाव आहे. डी.एड.च्या होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये मी म्हटलं, "मले पानी दे ना वो." टेबलावरच्या मुली हसल्या. पुढचे तीन महिने माझं नाव 'पानी' होतं. मी न्हाणीघरात नळ सोडून ण आणि ळ घोकायला लागले. बाण, लोणी, कळी, डोळा. आमच्याकडे डोळ्याला डोरा म्हणतात. रेडिओवरच्या बातम्या ऐकायचे आणि मागोमाग पुटपुटायचे. दोन वर्षांत जीभ इतकी साफ झाली की मला कोणी काही विचारेना. आडनावही असं, की ते तीन-चार समाजांत सापडतं. लोक आपापल्या परीने समजून घेत गेले आणि मी गप्प राहिले. खोली बघायला आले तेव्हा काकूंनी विचारलं होतं, "आपल्यातल्याच ना?" मी नुसती हसले होते.

त्या पुस्तकातला एक प्रसंग असा होता. लेखिकेची आई जंगलातून मोहफुलांची टोपली घेऊन येते. वाटेत नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचा माणूस, तिला अडवतो आणि टोपलीला लाथ मारतो. फुलं मातीत सांडतात. आई त्याच्याकडे बघून म्हणते, "टोपली लाथाडली तं लाथाडली. आता उचलून दे." बस, एवढंच.

पहिल्यांदा मी हे वाक्य स्वच्छ, शाळेतल्या आवाजात वाचलं. संपादकांचा फोन आला. "निवेदन उत्तम झालंय. पण आईचे संवाद फार सपाट वाटतात. थोडं गावठी करा ना मॅडम. ओढून बोला. ऐकणाऱ्याला मजा आली पाहिजे."

मी केलं. जमलंही छान. गॅदरिंगच्या नाटकात मोलकरणीचं काम करणारी मुलगी जसं हेल काढून, कमरेवर हात ठेवून बोलते, तसं. करताना मला कसलीच भीती वाटली नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. असं बोलणारी बाई म्हणजे मी नव्हेच, हे कोणालाही कळलं असतं. संपादकांचा निरोप आला, 'एक नंबर!'

दुसऱ्या दिवशी मी गावी निघाले. दरेकशाच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. इअरफोन लावून मी माझंच रेकॉर्डिंग ऐकायला लागले. निवेदन करणारी मुलगी शहाणी, शांत, शिकलेली वाटत होती. तिची आई मात्र विदूषक झाली होती. शब्द तेच होते, एकही बदललेला नव्हता. पण नाकेदारासमोर ताठ उभी राहिलेली बाई माझ्या आवाजात चेकाळल्यासारखी वाटत होती आणि ऐकणारा माणूस नाकेदाराच्या बाजूने उभा राहून तिला हसणार होता. शेजारच्या सीटवर एक बाई पेंगत होती. तिला काही ऐकू गेलं का, म्हणून मी दोनदा इअरफोनची वायर चाचपली.

घरी माय अंगणातल्या सावलीत वाळलेली मोहफुलं निवडत बसली होती. मी न सांगता मोबाईल तिच्याजवळ ठेवला आणि तो प्रसंग लावला. तिने हात थांबवून सगळं ऐकलं.

"थे कोन बोलून राहिली?" तिने विचारलं.

"पुस्तकातली माय होय. मीच वाचून राहिली."

"थे येडी होय का?"

"नाई."

"मंग अशी काऊन बोलते? नाकेदार समोर उभा हाये, अन् हे नाचून राहिली."

मला तिच्याकडे बघवेना. मी म्हटलं, "तू बोलून दाखव." तिने फुलांवरची नजर न उचलता म्हटलं, "टोपली लाथाडली तं लाथाडली. आता उचलून दे." आवाज खाली होता, घाई नव्हती. शेवटचे तीन शब्द तिने असे म्हटले, की समोरच्याने वाकायलाच हवं.

मग तिने विचारलं, "तुही घरमालकीन आयकन का हे?"

"आयकू शकते."

"हाकलन तुले."

"हाकलू शकते."

"मी तं तिच्यासमोर एक शब्द बोलली नाई," माय म्हणाली. "तू सांगतलं होतं तसंच."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिला फक्त सांगायचं होतं, की तिच्या बाजूने काही चुकलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी तिला गोंदियाला आणलं होतं. रिक्षातून उतरण्याआधी मी तिला म्हटलं होतं, "काकूसमोर बोलू नको जास्त." तिने ते अक्षरशः पाळलं. पंधरा दिवस काकू वर येत, तिच्याशी मोठ्याने, हातवारे करत बोलत आणि माय नुसती मान हलवत असे. काकूंनी मला जिन्यात हळूच विचारलं, "आईंना ऐकू येत नाही का हो?" मी म्हटलं, "कमी येतं." एकदा काकू माझ्या खोलीत, मायच्या अगदी शेजारी बसून सांगत होत्या, की पलीकडची खोली बघायला एक जोडपं आलं होतं, पण त्यांनी नाही म्हणून सांगितलं. "मॅडम, वो जंगलवाले लोग. घाणेरडे असतात, घरात दारू काढतात. एकदा घुसले की निघत नाहीत." माय माझ्याकडे बघत होती. मी उठून चहा ठेवला होता.

गावाहून परत आल्यावर मी आईचे सगळे संवाद पुन्हा रेकॉर्ड केले. मायच्या आवाजात, तिच्या न आणि र सकट. प्रत्येक वाक्याला थांबायचे, खाली भांड्यांचा आवाज येतोय का ते ऐकायचे. रजईवर आणखी एक चादर टाकली. गंमत म्हणजे हे बोलताना मला कुठलाच हेल काढावा लागला नाही. तोंड आपोआप वळत होतं आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. असं बोलणारी बाई कोण आहे, हे आता कोणालाही कळलं असतं.

संपादकांना ते पटलं नाही. "आधीचंच ठेवू या मॅडम. हे फार... कोरडं वाटतं. आणि हे लोक असंच बोलतात, कशावरून?"

मी म्हटलं, "माझी माय असंच बोलते."

ते म्हणाले, "सॉरी. मला माहीत नव्हतं."

"आधीचं ठेवायचं असेल तर दुसरं कोणी बघा," मी म्हटलं. त्यांनी नवं रेकॉर्डिंग ठेवलं.

पावसाळा संपत आला तेव्हा पुस्तक ऑडिओबुकच्या ॲपवर आलं. शाळेत एक-दोघांनी अभिनंदन केलं आणि एका सहकारी बाईंनी जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघितलं. एका रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते आणि खालून माझाच आवाज आला. काकूंच्या सुनेने स्वयंपाक करताना पुस्तक लावलं होतं. नाकेदाराचाच प्रसंग चालू होता. भाजी परतण्याचा आवाज, आणि त्यातून वर येणारं ते वाक्य. कोणी हसलं नाही. कोणीतरी मोबाईल बंद केला.

तीन दिवस काकू मला दिसल्या नाहीत. त्यांच्याकडून येणारी भाजीची वाटी आली नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की मी जेवता जेवता दाराकडे बघायचे. मी बॅगेत कागदपत्रं भरून ठेवली. शाळेजवळ खोली आहे का, म्हणून दोन ठिकाणी विचारूनही आले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी काकू वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या. मी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत.

"ते पुस्तक तुम्ही वाचलंय ना, मॅडम?"

"हो."

"त्यातली आई जशी बोलते..." त्या थांबल्या. "तुमच्या आई तशा बोलतात?"

"हो."

"म्हणजे त्यांना बोलता येतं."

"येतं, काकू."

"आणि ऐकू?"

मी मानेने हो म्हटलं.

काकूंचा चेहरा बदलला. मला वाटलं होतं त्या चिडतील. पण त्या दाराची चौकट धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी चांगलंच ओळखत होते. त्या घाबरल्या होत्या. "म्हणजे त्या दिवशी मी जे बोलले," त्या म्हणाल्या, "ते सगळं त्यांनी ऐकलं?"

"हो. सगळं."

त्या वळून खाली गेल्या.

त्यांनी मला घर सोडायला सांगितलं नाही. मी अजून तिथेच राहते. आमचं बोलणं आता पाणी, वीज, कचऱ्याची गाडी एवढ्यावर आलं आहे. सणाला वाटी येते, पण सून घेऊन येते. पुढच्या वर्षी त्या काय म्हणतील, मला ठाऊक नाही. शाळेत कोणी आडनावाचा विषय काढला की मी अजून वहीत मान घालते. एकदा बोललं की भीती जाते, असं मी कुठेतरी वाचलं होतं. माझी तरी गेली नाही.

मागच्या महिन्यात संपादकांनी दुसरं पुस्तक पाठवलं. कोकणातल्या एका मासे विकणाऱ्या बाईचं. मी म्हटलं, आधी लेखिकेचा नंबर द्या. तिला फोन लावला, ओळख सांगितली आणि म्हटलं, "ताई, तुमच्या घरी बोलतात तसं माझ्याशी थोडा वेळ बोलाल का?"

पलीकडून अगदी शुद्ध, पुस्तकी मराठीत तिने विचारलं, "कशासाठी?"