नळीबाई

कुणाच्याही घरी गेल्या की नळीबाई आधी त्या घरातल्या बाईला अंगणात आणत. तिथेही नारळाखाली उभ्या राहत नसत. "झावळ्यांतून उतरलेला उजेड हिरवा असतो. रंगाच्या बाबतीत तो खोटं बोलतो," म्हणत. मोकळ्या आभाळाखाली आल्या की पदर खोचून पिशवीतून ती काचेची नळी काढत.

त्या बोर्लीच्या दवाखान्यातल्या नर्स. मूळच्या घाटावरच्या, बालविधवा, पुण्यात शिकलेल्या. एकोणीसशे तीस सालाच्या मागेपुढे आमच्याकडे आल्या. बोटाला टोचून रक्ताचा थेंब नळीतल्या आम्लात सोडायचा, तो तपकिरी होऊ द्यायचा, मग थेंबथेंब पाणी घालत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. थोड्याच पाण्यात जुळला, तर रक्त फिकं. याच तत्त्वावरचं पितळी यंत्र मी मुंबईला बी.एस्सी.च्या वर्गात हाताळलं होतं. द्रवात उजेड किती अडतो त्यावरून त्यात रंग किती ते कळतं. आमच्या कुणबी घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे सांगायला मला अजून बरं वाटतं. पण कॉलेजात आम्ही मोरचुदाचं निळं पाणी मोजत होतो. नळीबाई माणसं मोजत.

तपासणीच्या दिवशी कोळवाड्यातल्या बायका रक्त लाल दिसावं म्हणून कोकमाचं सार पिऊन येत.

"बाय, आज बघा कसा रंग येल."

"जिभेला आलाय," नळीबाई म्हणत. "बोट द्या."

मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो आणि माझी बायको दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिलं मूल बाळंतपणातच गेलं होतं, आणि तीही जाता जाता राहिली होती. या खेपेला विहिरीवरून कळशी आणताना तिला वाटेत बसावं लागे. मी नळीबाईंना घेऊन आलो, तर आई दारात आडवी. गरोदर सुनेवर विधवेची सावली नको, हे तिच्या मनातलं. तोंडाने ती दुसरंच बोलली.

"गरवार बाईचं रगात काढतात व्हय? आधीच तिच्या अंगात न्हाय."

"नाही ना? मग आपलं दोघींचं एकच मत," नळीबाई म्हणाल्या. "बसा. आधी तुमचं बघू."

आई गोंधळली आणि त्या गोंधळात बोट पुढे करून बसली. पाणी सोडायचं काम नळीबाईंनी तिच्याच हातात दिलं. स्वतःच्या रक्ताचा रंग काचेशी जुळेपर्यंत आईचा हात अवघडला. मग नळी धुऊन सुनेचा थेंब घेतला. थोडंसं पाणी पडलं, रंग काचेपाशी आला आणि पुढच्या थेंबाला काचेहूनही फिका झाला. आई नळीकडे बघतच राहिली.

"माझ्यातलं थोडं तिला घाला की, बाय."

"ताटात घाला. पोर पोटात मोठं होऊन अडेल म्हणून तिला हात आखडून वाढता, आणि तेही सगळ्यांच्या मागून. उद्यापासून ती पहिली जेवेल."

दुसऱ्या दिवसापासून बायको बाप्यांच्याही आधी जेवू लागली. आई समोर बसून कलेजीची फोड वाढायची. नळीबाईंनी दिलेलं, दात काळे करणारं लोखंडाचं औषधही स्वतः पाजायची. नळीबाई येतील तेव्हा पाणी सोडायचा मान आईचा. आधीपेक्षा जास्त थेंब लागले की शेजारणीला हाक मारून सांगायची.

बाळंतपणाला महिना उरला आणि नळीबाईंच्या बदलीचा हुकूम आला. दिघीला लाँच गाठायला जाताना त्या वाट वाकडी करून आमच्याकडे आल्या. पेटी पुढे गेली होती. त्यांनी बायकोला अंगणात उभं केलं, खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "आता नीट होईल." बायको रडायला लागली. "रडू नका. मुलगी झाली तर तिला शेवटच्या पंगतीला बसवू नका, एवढं करा." माझ्याशी बोलायला वेळ राहिला नाही. "मास्तर, येते," एवढंच.

मुलगीच झाली. दोघी सुखरूप.

बाराव्या दिवशी आईने बाजारातून चांगला खण आणवला आणि नारळासोबत देवापाशी ठेवला. नळीबाई आल्या की त्यांची ओटी भरायची म्हणाली. विधवेची ओटी कुणी भरत नाही. हे दुसऱ्यांना बजावण्यात माझ्या आईचा जन्म गेला होता.

आता मुलगी शाळेत जाते. नळीबाई पुन्हा या बाजूला आल्या नाहीत. दिघीहून कुणी आलं की आई अजून विचारते, "बाय उतरली काय?" नारळ दर वर्षी नवा ठेवावा लागतो. खण तोच आहे, घडीवर विरत चाललाय.