मेक्सिको सिटी, तालुका घाटंजी

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून फुटबॉलचा विश्वचषक भरवणार म्हटल्यावर घाटंजी तालुक्यानं काय हात बांधून बसायचं? मी आणि माझा मेकॅनिक दोस्त, दोघांनी गॅरेजात बसून गावं वाटून टाकली. हे डॅलस, ते टोरांटो. तिकडं फायनल न्यूजर्सीत होती, पण ज्या काकाजींच्या वावरात ती घ्यायची त्यांच्या तोंडात ते नाव बसेना. आम्ही फायनल मेक्सिको सिटीत हलवली. वावर असं सपाट, की एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लिंबू ठेवलं तर दुसऱ्या धुऱ्यावरून त्याचं देठ दिसावं.

"काकाजी, तुमचं वावर यजमान," दोस्त म्हणाला.

"म्हंजे?"

"मेजबान!"

इथंच घात झाला. मेजबान म्हटलं की आमच्याकडचा माणूस आधी चूल पेटवतो.

शेजाऱ्यांची सरकी टोबून, म्हणजे पेरून झालेली. काकाजींनी एकट्यांनी फायनलपायी वावर रिकामं ठेवलेलं. "आज खेळून घ्या. उद्या मले टोबाच लागते, आता थांबलो तं साल गेलं," त्यांनी बजावलं. आणि दोन्ही टीमला पंगतीत बसवलं. रोडगे, वरण, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. आमच्या फॉरवर्डनं इतके रोडगे हाणले की त्याच्या बाजूनं वावर कलंडलं. मग सगळे निंबाखाली आडवे. दोस्त गोलकीपर, तो थेट गोलात आडवा झाला. "भाऊ, मी असाच राह्यतो. गोल होतच नाही."

"उठा ना बे! दिवस बुडून राह्यला!" काकाजी कासावीस.

"तुमीच तं चारलं, काकाजी!"

"मंग यजमानानं उपाशी खेळवावं का?"

खेळ झाला म्हणायचा. बॉल जिथं थांबे तिथंच माणसं टेकत. शून्य-शून्य. पेनल्टी घ्यायची तर अंधारात बॉल दिसेना. काकाजी पंगतीची भांडी गोळा करायला लागले. त्यांचा एवढा दिवस फुकट घालवला म्हणून आम्ही मान खाली घालून निघालो.

सकाळी गोलाचे बांबू काढायला गेलो, तर बायांनी अर्धं वावर टोबून आणलेलं. एका गोलासमोरचा पट्टा मात्र तसाच काळा, मोकळा.

"ते काहून सोडलं, काकाजी?"

"पेनल्टी बाकी हाय ना! रविवारी या सारे," ते म्हणाले. "अन् घरून जेवून येऊ नोका."