गोलकीपरचं खरं नाव

ऑल्डरफील्ड टाउन या फुटबॉल क्लबात कुणालाच त्याच्या नावाने हाक मारत नाहीत. कप्तान बिस्किट. डावीकडचा बचावपटू वकील, कारण पंचाशी हुज्जत घातल्याशिवाय त्याचा शनिवार साजरा होत नाही. प्रशिक्षक नॉबी, त्याचं नाव कीथ आहे हे त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं. या सगळ्यांची जन्मदाखल्यावरची नावं ठाऊक असणारं माणूस एकच, क्लबची सचिव ग्लेनिस पर्किस. तिला खेळाडू 'मिस' म्हणतात, शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं, आणि वचकून असतात तेही तसेच.

तेवीस वर्षांपूर्वी ग्लेनिस आपल्या नवऱ्याला, बॅरीला, क्लबातून घरी न्यायला आली होती. आत सभा चालली होती, इतिवृत्त लिहायला कुणी तयार नव्हतं आणि बॅरीला तर पेन दिसलं की खोकला येतो. "द्या इकडे," ती म्हणाली, आणि ते पेन अजून तिच्याच हातात आहे. आठवडाभर ती दातांच्या दवाखान्यात लोकांना वेळा देते. खेळाडूही तसलेच, कुणी वायरमन, कुणी पोस्टमन. मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी सराव आणि शनिवारी सामना. पण त्या शनिवारच्या आधी किती फोन, किती अर्ज, पंचाच्या चहात साखर किती, हे पाहणारी ग्लेनिस. थंडीत मैदान गोठलं की पहाटे उठून गवतात टाच रुतवून पाहणारीही तीच.

तिच्या आधी लेन हॅचर्ड सचिव होता. त्याने एकदा बंदी असलेल्या खेळाडूचं नाव चुकून यादीत लिहिलं. संघ सामना जिंकला, पण ते गुण कापले गेले आणि क्लब खालच्या गटात घसरला. लेनला कुणी एक शब्द बोललं नाही. त्याने मात्र त्यानंतर फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. पुढे कितीतरी वर्षं शनिवारी दुपारी तो कुत्रं घेऊन कुंपणाबाहेरच्या गल्लीत उभा राहायचा आणि आतला आवाज ऐकायचा. ग्लेनिसने त्याला दोनदा आत बोलावलं. कुत्र्याला माणसांची सवय नाही, असं तो म्हणाला. लेनचं पाहून ग्लेनिसने सचिव झाल्या दिवसापासून एक नेम केला होता: पासपोर्ट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाचंही नाव नोंदवायचं नाही. तेवीस वर्षं तिने तो पाळला, आणि नेमका या एप्रिलमध्ये मोडला.

झालं असं की मोसमाचा शेवटचा सामना राहिला होता. जिंकले तर गटात टिकणार, नाहीतर घसरणार. आणि गुरुवारी सरावात गोलकीपरचं बोट मोडलं. नॉबीने शुक्रवारी दुपारभर सगळी ओळखपाळख पिंजून एक पोरगा शोधला, रविवारच्या हौशी सामन्यांत खेळणारा. नोंदणी पाचला बंद होते. पाचला आठ मिनिटं कमी असताना नॉबीचा फोन आला, तोही रस्त्यावरून, मागे ट्रकचा आवाज. नाव बिशप अम्पोन्सा, जन्मतारीख ही, पत्ता हा. ग्लेनिसने दवाखान्याच्या संगणकावरच अर्ज भरला. समोर एक बाई गाल धरून बसली होती, तिला म्हणाली, दोन मिनिटं कळ काढा. बिशप, म्हणजे चर्चचा मोठा धर्मगुरू, असलं नाव लिहिताना तिचा हात जरासुद्धा अडखळला नाही. ज्या क्लबात बिस्किट आणि वकील खेळतात तिथे बिशपचं काय नवल?

शनिवारी दोनशे चौदा माणसं आली, म्हणजे गर्दीच. ऑल्डरफील्डची माणसं गोलमागे उभी राहतात, ज्या गोलावर आपला संघ चाल करणार त्याच्या मागे. मध्यंतरात बाजू बदलल्या की हीही सगळी चहाचे पेले सांभाळत मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जातात. त्यामुळे उत्तरार्धात बिस्किटने डोक्याने मारलेला गोल त्यांच्या नाकासमोर झाला. पण शेवटच्या मिनिटाला पाहुण्यांना पेनल्टी मिळाली ती पार पलीकडच्या टोकाला. नव्या गोलकीपरचा पिवळा शर्ट आडवा झालेला दिसला, बाकी काही कळेना. मग पाहुण्यांचे पाठीराखे डोकं धरून बसलेले दिसले आणि इकडे एकच कल्लोळ उडाला. बॅरीने चहा स्वतःच्याच अंगावर सांडला आणि शेजारच्या अनोळखी माणसाचा मुका घेतला.

त्या नव्या पोराला खांद्यावर घेऊन क्लबच्या खोलीत आणलं. ग्लेनिस पेस्ट्रीचे तुकडे वाटत होती. इतक्यात दारातून ठेवणीतल्या पोशाखातल्या एका बाईंनी हाक मारली, "क्वाबेना! चल, उशीर होतोय." आणि तो पोरगा खांद्यावरून उतरून निमूटपणे त्यांच्यामागे गेला.

ग्लेनिसच्या हातातली ताटली तशीच राहिली. क्वाबेना. आईने मारलेली हाक. मग बिशप कोण? आईच्या तोंडी असतं ते नाव, आणि पोरांनी ठेवलेलं ते टोपणनाव. आणि आपण अर्जावर टोपणनाव लिहिलं. खोट्या नावाने खेळवलं म्हणजे गुण गेले, गट गेला. ती धावत बाहेर आली, तोवर गाडी वळणापलीकडे गेली होती. नॉबीकडून पोराचा नंबर घेऊन फोन लावला, तो बंद. खोलीत गाणी चालली होती आणि ती बाहेर उभी राहून पुन्हा पुन्हा तोच नंबर फिरवत होती.

रविवारी सकाळी झाडलोट करायला आलेल्या अध्यक्षांना, क्लाइव्ह ड्रेपरला, तिने सगळं सांगितलं. क्लाइव्हचं गालिच्यांचं दुकान आहे. कुठला डाग कुठल्या कोचाखाली लपवावा हे त्याला चांगलं कळतं.

"कुणाला कळणार आहे, ग्लेनिस?" तो म्हणाला. "तू गप्प बस, मी गप्प बसतो. पोरगा काय बोंबलत फिरणार आहे?"

"मला कळलंय ना."

"अगं, सगळा गाव कालपासून नाचतोय. तुझ्या एका खाडाखोडीसाठी सगळ्यांना रडवणार का?"

"चूक असेल तर उद्या नऊला मीच स्पर्धेच्या कचेरीत फोन करून सांगणार. आणि क्लबची चावीही ठेवून जाईन." एवढं बोलून तिने झाडू त्याच्या हातात दिला. तिला क्लबची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती होती ती कुंपणाबाहेरच्या गल्लीची. पुढच्या शनिवारपासून आपणही तिथे उभं राहायचं की काय, हा विचार तिला सकाळपासून सोडत नव्हता. तिच्याकडे तर कुत्रंही नव्हतं.

अम्पोन्सांचं घर चार मैलांवर. बॅरीने गाडी काढली. त्याने वाटेत एकदाच तोंड उघडलं, "काही झालं तरी दुपारी जेवायला घरी आहोत ना?" आणि तिने नुसतं पाहिल्यावर रेडिओ लावला. घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं की मंडळी चर्चला गेलीत, आणि यांचं चर्च लवकर सुटत नाही. दोघं पावणेदोन तास गाडीत बसली.

तीनच्या सुमाराला घरची मंडळी आली. काल पाहिलेल्या बाई, आज आणखी झगझगीत पोशाखात, आणि मागे तो पोरगा. मिसेस अम्पोन्सांनी कारण न विचारताच दोघांना आत नेऊन बसवलं, भात आणि तळलेला मासा समोर ठेवला आणि आधी खा म्हणाल्या. बॅरीने लगेच ऐकलं. ग्लेनिसने ताट बाजूला सारलं. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं: तिने नाव कसं लिहिलं, पासपोर्ट पाहिला नाही, तुम्ही त्याला क्वाबेना म्हणालात, आता त्याचं खरं नाव काय ते मला पाहू द्या.

मिसेस अम्पोन्सांनी मुलाकडे पाहिलं. मग कपाटातून पासपोर्ट काढून ग्लेनिससमोर उघडा ठेवला.

पहिलं नाव, बिशप. दुसरं, क्वाबेना. आडनाव अम्पोन्सा.

"क्वाबेना म्हणजे मंगळवारी जन्मलेला," बाई म्हणाल्या. "आमच्या लोकांत घरात वाराचं नाव असतंच प्रत्येकाला. कागदावर बिशप. त्याच्या आजोबांना पाद्री व्हायचं होतं, जमलं नाही, म्हणून नातवाला थेट बिशप केलं. माझ्या भावाचं नाव जस्टिस आहे, बाई. तू कुठल्या कोर्टात बसतोस, असं त्याला अजून कुणी विचारलेलं नाही."

बॅरी भातावरच हसत सुटला. ग्लेनिसने मात्र पासपोर्ट उचलून जन्मतारीख पाहिली, फोटो पाहिला, मुलाचं तोंड पाहिलं आणि पुन्हा नाव वाचलं. एकेक अक्षर.

"मी सांगितलं होतं, आंटी," पोरगा हळूच म्हणाला. "काल खेळाडूंच्या खोलीत सगळे विचारत होते, खरं नाव काय म्हणून. मी म्हटलं, हेच. सगळे हसले. मग मीपण हसलो."

ग्लेनिसला आनंद आणि शरम एकदमच वाटली. ती नसती हसली का? तीही हसली असती. ज्याच्या जिवावर क्लब तरला त्या पोराने स्वतःचं नाव सांगितलं, तर ते इतक्या माणसांत एकालाही खरं वाटलं नव्हतं. तिने त्याची माफी मागितली, अगदी सरळ शब्दांत. तो लाजला आणि आणखी मासा वाढू का म्हणून विचारू लागला. यावेळी तिने ताट पुढे केलं.

जेवण आटोपून ती फोन करायला बाहेर आली. पहिल्याच घंटीला क्लाइव्हने उचलला. मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. गप्प बसणाऱ्या माणसाने सगळ्यांना गोळा करून बसवलं होतं तर.

"बोल," तो म्हणाला. "काय आहे खरं नाव?"

"बिशप."

"ते नाही गं. खरं नाव विचारतोय."

"क्लाइव्ह, नीट ऐक आणि तिथल्या सगळ्यांना सांग. त्याचं खरं नाव बिशप आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि यापुढे त्या नावाला जो हसेल त्याचं नाव मी यादीत लिहिणार नाही."

पलीकडे असा काही गलका झाला की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. तिने तो बंद केला आणि अम्पोन्सांच्या बागेच्या बुटक्या भिंतीवर बसून घेतलं. बॅरी बाहेर आला तेव्हा ती रडत होती. तो शेजारी बसला आणि तिच्या मांडीवर आपला रुमाल ठेवला.

"राहिलो आपण गटात," ती म्हणाली.

"हो," बॅरी म्हणाला. "कुंपणाच्या आतच."