धडधाकट म्हणवलेला डावा गुडघा

वायरमन शिडीवरून उतरला, पाऊल टेकलं, अंग वळलं आणि उजव्या गुडघ्यात ‘टक्’ वाजलं. तासाभरात गुडघा टम्म फुगला. शिडीवरच ज्याचं पोट, त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. डॉक्टर वयाने लहान, हात मऊ. त्यांची रीत अशी, की आधी चांगला गुडघा तपासायचा, मग दुखरा. गुडघा जरासा वाकवून त्यांनी नडगी पुढे ओढून पाहिली. दोन्हीकडे सारखीच ढिली.

“तुमचे सांधेच मुळात सैल दिसतात. हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट तुटलेलं वाटत नाही. डाव्याला कधी मार लागला होता?”

“छे हो! कधीच नाही.”

शेजारी बायको उभी होती ना! लग्न ठरताना सासऱ्यांना त्याने छातीठोक सांगितलं होतं, ‘आजवर साधा पायसुद्धा मुरगळला नाही.’ खरं तर एकोणिसाव्या वर्षी कुंपणावरून उडी मारताना डावा गुडघा असाच वाजला होता. वीस वर्षं गडी ही थाप सांभाळून होता.

दहा दिवसांनी कामावर जा, असं सांगून डॉक्टरांनी त्याला पट्टी बांधायला पाठवलं. तिथल्या मावशींचे केस प्लास्टर भिजवण्यातच पिकलेले. वायरमन खुर्चीतून उठला तसा त्याचा डावा पाय लटपटला आणि मावशींचा हात थांबला.

“टक् वाजलं, तासात सूज आली, आणि काही तुटलं नाही म्हणता? भाऊ, हा पायही दुखावलेलाच आहे. खरं सांगा.”

वायरमनने बायकोकडे चोरून पाहिलं.

“सांगा की!” ती म्हणाली. “लग्नानंतर महिन्याभरातच कळलं होतं मला. चारचौघांत तुमचा पाणउतारा नको म्हणून गप्प बसले.”

मावशींनी डॉक्टरांना गाठलं. ते तसेच बाहेर आले आणि पेशंटच्या रांगेसमोर म्हणाले, “चुकलो मी. दोन अधू गुडघे एकमेकांशी ताडून पाहिले. सूज इतक्या लवकर आली, तेव्हाच ओळखायला हवं होतं. परत झोपा, पुन्हा तपासतो.”

थाप मारली याने आणि चूक पदरात घेतली त्यांनी! वायरमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एमआरआयमध्ये लिगामेंट तुटलेलं निघालं. दहा दिवसांनी शिडी चढला असता तर भरवसा ठेवायला एकही पाय नसता.

उजव्याचं ऑपरेशन झालं, पुढे नऊ महिने दोन्ही पायांचा व्यायाम. मग दवाखान्यातलाच पंखा बंद पडला. वायरमन एकेक पायरी चढत वर पोचला. पाय डगमगले नाहीत. खाली बायको, मावशी आणि डॉक्टर, तिघांनीही शिडी घट्ट धरली होती. त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याचे डोळे असे भरून आले, की समोरचा पंखाच त्याला दिसेना.