न गायलेला अंतरा

आष्ट्याच्या गुणमालाकाकूंना गाणं येतं, हे आष्ट्यात कुणालाही ठाऊक नव्हतं. कुणालाही म्हणजे अगदी नवऱ्यालासुद्धा. एक्केचाळीस वर्षं संसार केला, दोन पोरं वाढवली, सून आणली, नातवंडं खेळवली. पण तात्यासाहेबांना विचाराल तर ते सांगतील, आमच्या हिला आरतीसुद्धा सुरात म्हणता येत नाही. येत नाही कशी! मुद्दाम ओठातल्या ओठात पुटपुटायची बाई.

माहेर सांगलीच्या गावभागातलं. तिथं नऊ वर्षं काकू एका गुरुजींकडे गाणं शिकल्या. जैनाची पोर, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, म्हणून क्लास चार ते साडेपाच. त्यामुळं झालं काय, भीमपलास, मुलतानी असे दुपार कलल्यावरचे राग गळ्यावर चढले आणि संध्याकाळचा यमन कायमचा राहून गेला. बरोबरची विजयमाला, एसटी कंट्रोलरची मुलगी, दिवेलागणीपर्यंत बसायची. गुणमालेनं चपला घातल्या की आत यमन सुरू व्हायचा. तो ऐकत ऐकत ती कोपऱ्यापर्यंत रमतगमत जायची आणि घरी उशिराबद्दल बोलणी खायची.

त्या रोजच्या निघण्यावरच तिनं विसाव्या वर्षी मुलतानीत बंदिश बांधली. ‘दिन ढरन लाग्यो, जाने दे सखी.’ गुरुजींनी डोळे मिटून ऐकली. म्हणाले, “पहिला भाग, स्थायी, झकास झाली. आता पुढचा अंतरा बांध आणि त्यात तुझं नाव घाल. रचणाऱ्यानं अंतऱ्यात नाव गुंफायचं, असा रिवाज आहे.” लाजत लाजत तिनं नाव गुंफलं. विजयमालेनं ती बंदिश त्याच आठवड्यात उचलली.

मग आष्ट्याचं स्थळ आलं. खताचं दुकान, बारा एकर ऊस, आणि सासूबाई अशा की बघायला आल्या आल्या पहिला प्रश्न, “गाणंबिणं न्हाई न्हवं?” आई म्हणाली, “छे छे!” झालं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात गुणमाला विजयमालेला हाताला धरून बस्तीत घेऊन गेली. बस्ती म्हणजे त्यांचं देऊळ. देवापुढं उभं करून म्हणाली, “मी गाणं शिकले ते, आणि गाण्यातलं माझं नाव, कुणाजवळ काढायचं न्हाई. नियम घे.” विजयमाला काही जैन नव्हती, तरी बिचारीनं हात जोडले. खरं तर नियम घेताना मुदत सांगतात, महिनाभर, चातुर्मासभर, काय ती. लगीनघाईत नेमकं तेवढंच राहिलं.

पुढं विजयमाला पुण्याला गेली, मोठी झाली, पेपरात फोटो यायला लागले. एकदा भावाकडं म्हणून काकू सांगलीला गेल्या आणि तिच्या मैफलीत शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. मुलतानी सुरू झाला. आपलीच बंदिश! काकूंना हुंदका आवरेना. पण स्थायी झाली, ताना झाल्या, टाळ्या झाल्या, अंतरा काही आलाच नाही. वर निवेदिका म्हणते कशी, पारंपरिक बंदिश होती! काकू तडक उठल्या. पदर तोंडाशी धरून स्टँडपर्यंत रडत गेल्या. नाव घेऊ नको म्हटलं होतं, कबूल. पण पारंपरिक म्हण असं कुणी सांगितलं होतं? गिळलं सटवीनं माझं नाव, म्हणून त्यांनी जी अढी धरली ती धरलीच. मायेचं माणूस, पण रागाला भारी चिवट.

गेल्या वर्षी नात ब्राह्मीनं आज्जीच्या मोबाईलवर शास्त्रीय संगीताचा एक पॉडकास्ट लावून दिला. कुणी गायक, कुणी सरोदवाला, कुणी नव्या बंदिशी बांधणारा; एक पोरगेला माणूस प्रश्न विचारतो आणि ही मंडळी तासभर बोलतात. काकूंना त्याचं वेडच लागलं. गहू निवडताना, शेंगा फोडताना कान तिकडंच. तात्यासाहेब चिडवायचे, “दोन माणसं बोलत्यात आणि तू ऐकत बसतीस. आपल्या घरात बोलणारी कमी हायत व्हय?” त्यांना काय सांगणार? कुणीतरी गुरूचं नाव घ्यायचं, कुणी रियाजाच्या खोलीतल्या खिडकीबद्दल बोलायचं, आणि इकडं सुपातले गहू धूसर व्हायचे. आपणही त्या गप्पांतल्या होतो, असं वाटून जीव नुसता तुटायचा.

आणि परवा दुपारी ब्राह्मी ओरडली, “आज्जी, विजयमालाताईंचा भाग आलाय!”

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. बाकी काही नको होतं त्यांना. एवढ्या वर्षांत एकदा, फक्त एकदा, तिनं आपलं नाव घ्यावं. तात्यासाहेब पलंगावर चहा पीत होते, तेही ऐकू लागले.

चाळीस मिनिटं गेली. गुरुजी आले, पुणं आलं, परदेश दौरे आले. नाव नाही. काकू चिडून फोन बंद करायला निघाल्या, तेवढ्यात तो पोरगा म्हणाला, “ताई, तुमच्या मुलतानीच्या बंदिशीवरून लोक भांडतात. तुम्ही कायम स्थायीच गाता. अंतरा नाहीच का?”

विजयमाला हसली. आवाज म्हातारा झाला होता, हसू तेच. “आहे की. पण त्यात रचणारीचं नाव आहे, आणि ते घ्यायचं नाही म्हणून तिनं मला देवापुढं नियम घालून दिलाय. निवेदकांना मी सांगते, रचनाकाराबद्दल गप्प राहा. ते आपले पारंपरिक म्हणून मोकळे होतात.”

“पण अजूनही?”

“मुदत कुठं सांगितली तिनं? मुदत नसलेला नियम आजन्म असतो, हे मला तिनंच शिकवलं होतं. अंतरा रोज घरी म्हणते मी, दार लावून. विसरायला नको. कधीतरी ती येईल आणि म्हणेल, विजू, सोडवलं तुला.”

काकूंना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. अगं बाई, काय करून बसले मी हे! जिला एवढी वर्षं सटवी म्हटलं, ती रोज दार लावून माझं नाव घेतेय.

तात्यासाहेबांनी कप खाली ठेवला. “कोण असंल गं ती बाई? एवढा कडक नियम! काळीजच न्हाई म्हणायचं.”

“आवं, मीच ती,” काकू म्हणाल्या.

काकूंनी मग सगळं सांगितलं. क्लास, बंदिश, सासूबाई, बस्ती, सगळं. ब्राह्मी दारातच खाली बसली. तात्यासाहेब म्हणाले, “आईला घाबरलीस, ते ठीक. पण आई जाऊन बारा वर्सं झाली की. मला तरी सांगायचं हुतंस.” मग हळूच म्हणाले, “म्हण की आता. ऐकू दे मला.”

काकू मांडी घालून बसल्या. स्थायी आली, कापरी आली, पण सुरात आली. तात्यासाहेबांच्या डोळ्यांना धार लागली. पुढं अंतऱ्यासाठी काकूंनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. शब्द नाही, सूर नाही, काहीच नाही. पुन्हा स्थायी म्हटली, पुन्हा तिथंच अडल्या. बंदिशींची वही माहेरी होती, ती महापुरात वाहून गेली. गुरुजी कधीच गेले. आपलं नाव आपण कोणत्या सुरावर ठेवलं होतं, तेच त्यांना सापडेना.

“आज्जी, पॉडकास्टवाल्यांचा नंबर आहे. तुझ्या आवाजात पाठवूया,” ब्राह्मी म्हणाली आणि तिनं फोन पुढं धरला.

काकूंनी डोळे पुसले. “विजू, मी गुणा बोलतीय. सोडवलं गं तुला. नाव घे, न्हाईतर नको घेऊ, तुझी मर्जी. पण तो अंतरा तेवढा मला शिकव. मला तो येईना झालाय.”